कोळ्यांवरून आपलं भांडण

वहिनी,

काल आपल्या बिल्डिंगमध्ये धूर मारणारे आले होते. मलेरियाचा पेशंट निघाला की त्या भागात धूर मारायचा, असं असतं म्हणे. खांद्याला मशीन, तोंडाला रुमाल. त्यातला एकजण आधी वर आला आणि दारात उभ्या असलेल्या दादाला म्हणाला, "साहेब, पेशंट तुमच्याकडचाच ना? नाव सांगा." दादाने तुझं पूर्ण नाव सांगितलं, स्वतःच्या नावासकट, आडनावासकट, बँकेच्या खिडकीवर सांगावं तसं.

"आता बरं आहे का त्यांना?"

"नाही," दादा म्हणाला. "गेली."

तो माणूस जरा घुटमळला. मग रुमाल वर ओढून म्हणाला, "खिडक्या लावून घ्या. जेवण झाकून ठेवा." दादाने जेवण झाकलं. मी खिडक्या लावल्या.

पांढरा धूर जिन्यातून वर आला, दाराच्या फटीतून थोडा घरातही आला. ओसरल्यावर मी बाहेर जाऊन पाहिलं. जिन्याच्या कोपऱ्यांतले ते काडीसारख्या लांब पायांचे कोळी, ज्यांच्यावरून तू सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीशी भांडली होतीस, ते पाय मुडपून पायऱ्यांवर पडले होते. आज सकाळी झाडूवाली बाई केराबरोबर त्यांना भरून घेऊन गेली. मी बघत उभा होतो. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

सध्या मला काहीच वाटत नाही. कामावर जातो. रबाळ्याच्या कंपनीत तसाच स्टोअरमध्ये बसतो, माल आला की उतरवून घेतो, सह्या करतो. दुपारी डबा खातो आणि संध्याकाळी डब्यात काय होतं ते आठवत नाही. लोक म्हणतात, रडून घे, मोकळा हो. मी मान डोलावतो. रडू म्हणजे काय, बाथरूमचा नळ आहे का, की गेलं आणि सोडला? हे वाक्य तुला आवडलं असतं, असं मनात आलं, आणि तेवढ्यावर थांबलं. पुढे काही आलं नाही.

हॉस्पिटलबद्दल मी लिहिणार नाही. ताप आला तेव्हा तू "व्हायरल असेल" म्हणालीस आणि गोळी घेऊन कॉलेजला गेलीस, कारण अकरावीच्या पोरांचं प्रॅक्टिकल घ्यायचं होतं. मग हुडहुडी भरली. मग तू दादाला तुझ्या भावाच्या नावाने हाक मारायला लागलीस. डॉक्टर म्हणाले, मलेरिया मेंदूत गेलाय. पुढचं तुला माहीत नाही आणि मी सांगणार नाही.

एवढंच सांगतो, की तो डास होता. इतकी वर्षं मी दिवाळी अंकांत भयकथा लिहिल्या. साप झाले, विंचू झाले, विहिरीतल्या बाया झाल्या, वटवाघळं झाली, दरवाजाएवढे कोळी झाले. डास एकदाही घेतला नाही. तू मला एकदा म्हणालीही होतीस, "भावजी, माणसं मारायचीच असतील तर डास घ्या की. पण तुमच्या वाचकाला चालायचं नाही. डासाला कोण घाबरतंय? टाळी वाजवली की संपला." आणि तू टाळी वाजवून दाखवलीस. खरोखरच एक मेला होता तुझ्या हातात. आपण हसलो होतो.

समोरच्या ब्लॉकमधल्या काकू दुसऱ्या दिवशी पिठलं-भाकरी घेऊन आल्या. डोळे पुसत दादाजवळ बसल्या. म्हणाल्या, "किती वेळा सांगितलं तिला, बाई, ती जाळी काढ, असलं काही घरात ठेवू नये. काहीतरी चावलं असणार हो त्यातलं."

दादा एरवी कोणाला उलटून बोलत नाही, तुला माहीत आहे. तो शांतपणे म्हणाला, "डास चावला, काकू. तुमच्याकडेही आहेत."

काकूंनी डबा त्याच्यापुढे सरकवला. मग दादाने त्यांच्या हातचं पिठलं खाल्लं. सगळं खाल्लं, आणि डबा घासून परत दिला.

ह्याच काकू पूर्वी एकदा जिन्यात कोणाला तरी सांगत होत्या, "मूलबाळ नाही ना, म्हणून कोळी पाळते." तू आणि मी भाजीच्या पिशव्या घेऊन खालून वर येत होतो. तू थांबली नाहीस. वर पोचल्यावर हसून म्हणालीस, "पाळत नाही हो काकू. ते आपले राहतात, मी फक्त हाकलत नाही." घरात आलीस आणि ओट्यापाशी जाऊन मिक्सर लावलास. बराच वेळ तो चालू होता. मी पाणी प्यायला आत आलो तेव्हा पाहिलं, भांड्यात काहीच नव्हतं. रिकामा मिक्सर फिरत होता आणि तू माझ्याकडे पाठ करून उभी होतीस. मी पाणी न पिताच बाहेर गेलो. त्यावर आपण कधी बोललो नाही. 

तू लग्न होऊन ह्या घरात आलीस तेव्हा नेरूळला आपल्या बिल्डिंगपुढे नुसती मोकळी जमीन होती. सीवूड्सकडे तर तिवरं आणि चिखल. दादाला सोडतीत ब्लॉक लागला होता आणि मी त्याच्याबरोबर राहायचो. कराडकडची मुलगी, प्राणिशास्त्रात एम. एस्सी., एवढंच मला कळलं होतं. मला वाटलं होतं, शिकलेली वहिनी आहे, माझं लिखाण वाचेल, चार चांगले शब्द बोलेल.

पहिल्या दिवाळीत मी तुला अंक दिला. माझी गोष्ट त्यात मधल्या पानांवर होती, चित्रासकट. दुसऱ्या दिवशी चहा देताना तू म्हणालीस, "भावजी, सहा पाय लिहिलेत तुम्ही."

"कोणाचे?"

"कोळ्याचे. सहा पाय कीटकाला असतात. कोळ्याला आठ."

"वाचक पाय मोजत बसत नाही, वहिनी."

"मी बसते."

दादा पेपरमागे हसत होता. मी त्या दिवशी तुझ्याशी धड बोललो नाही. पण नंतरच्या प्रत्येक गोष्टीत पाय मोजून लिहिले.

मग तो बाथरूममधला प्रकार. तळहाताएवढा, चपटा, तपकिरी कोळी भिंतीवर. मी चप्पल घेऊन गेलो आणि तू मागून माझं मनगट धरलंस. "थांब, गाढवा," म्हणालीस. चारचौघांत मी 'भावजी, तुम्ही' होतो. भांडताना मात्र 'तू' व्हायचो. ते त्या दिवशी सुरू झालं. "पोटाखाली बघ तिच्या. पांढरी चकती दिसते ना? अंडी आहेत. बाळंतीण आहे ती, राहू दे." ती राहिली. कित्येक दिवस राहिली. दादा दार किलकिलं ठेवून आंघोळ करायचा आणि दोन तांब्यांत उरकून बाहेर यायचा. घरातली झुरळं मात्र दिसेनाशी झाली. आईने गावाहून पत्र पाठवलं की कोळी अंगावर मुतला की पुरळ उठतं, जपा. तू आईला उलटटपाली कळवलंस की कोळी कोणावर मुतत नाही, त्या पुरळाला नागीण म्हणतात. मी म्हटलं, "म्हणजे कोळ्याला सोडवलंस आणि नागिणीला अडकवलंस." तू इतकी हसलीस की चहा सांडला.

आपलं खरं भांडण मात्र पायांचं नव्हतं. ते भीतीचं होतं, आणि ते कधी संपलंच नाही.

माझं म्हणणं असं, की माणसाला भीती वाटायची तर समोरच्या गोष्टीला तो माणूस हवा असायला लागतो. ती त्याच्या मागे लागली पाहिजे. दार ठोठावून त्याचं नाव घेतलं पाहिजे. तू म्हणायचीस, "असं काही नसतं. त्याला तू कोण, हे माहीतही नसतं." एकदा खिडकीच्या गजावरचा तो इवलासा उड्या मारणारा कोळी तू मला दाखवलास. बोट हलवलंस तर त्याने वळून आपल्याकडे बघितलं. अगदी मान वळवावी तसं.

"हा बघतोय आपल्याकडे," तू म्हणालीस. "ह्याची भीती वाटली?"

"नाही. गोड आहे."

"मग बाथरूममधलीची का वाटली? ती तर तुझ्याकडे बघतही नव्हती." मी तोंड उघडायच्या आत तूच म्हणालीस, "म्हणूनच वाटली. तिच्या लेखी तू नाहीसच, म्हणून."

मी म्हटलं, हे गोष्टीत चालत नाही. वाचकाला कारण लागतं. माझ्या गोष्टींत जो मरायचा त्याने आधी काहीतरी पाप केलेलं असायचं. कोणाची जमीन लाटलेली, कोणाला फसवलेलं. तू विचारायचीस, "आणि काहीच न केलेला माणूस मेला तर?"

"मग ती गोष्ट होत नाही, वहिनी."

"मग काय होतं?"

ह्यावर मी नेहमी विषय बदलायचो.

तेरावा झाल्यानंतरच्या रविवारी, दुपारची जेवणं झाल्यावर, दादा म्हणाला, "सुध्या, ती कॅसेट आहे का रे तुझ्याकडे?" कुठली, ते मी विचारलं नाही. एकच आहे. कपाटातून काढली, व्हीसीआरचं हेड पुसलं, लावली.

कॅसेटवरचा हा सिनेमा माझ्या एका गोष्टीवरून निघाला. मी तुला सांगितलं होतं की कामोठ्याच्या एका अर्धवट बांधकामाची भूतकथा लिहितोय. तेव्हा तिथे वस्ती अशी नव्हतीच, नुसते पिलर आणि जिने. तू म्हणालीस, "भूत व्हायला आधी तिथे कोणी मरायला पाहिजे. मरायला आधी राहायला पाहिजे. तिथे तर अजून पाणीसुद्धा आलेलं नाही."

"मग काय घालू?"

"कोळी घाल. काम बंद पडलं की सगळ्यांत आधी तेच राहायला येतात. त्यांना ताबापत्र लागत नाही."

त्या गोष्टीतला कोळी तू दिलास. गोष्ट छापून आली, एका नवख्या दिग्दर्शकाने वाचली आणि मला बोलावणं आलं. घरात पेढे आले. त्याला काही शॉटमध्ये खरे कोळी हवे होते. मी म्हटलं, माझ्या वहिनी आणतील.

पहिल्या दिवसाचा तो गोंधळ तुला आठवत असेल. दिग्दर्शकाने आदल्या दिवशी मॅनेजरला सांगितलं, "उद्या सेटवर कोळी लागतील, चांगले मोठे बघ." मॅनेजरने दिवाळे गावच्या कोळीवाड्यातून दोन आडदांड मासेमार आणून उभे केले, रुमाल बांधलेले, गळ्यात चेन. त्यातला वयाने मोठा मला विचारत होता, "आमाला बोलावलाय, मंग आमचा काम काय हाय?" तेवढ्यात तू बरणी घेऊन रिक्षातून उतरलीस. झाला प्रकार कळल्यावर तू जिन्यात बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलीस, आणि मॅनेजरला सांगून दोघांना चहा-नाश्ता दिलास. त्या मोठ्याने बरणीत बघितलं. म्हणाला, "बाय, ही तं आमच्यापरीस बेस जाला विनत असंल." तू म्हणालीस, "होय, पण विकत नाही."

बरणीत पारसिकच्या डोंगरावरची ती मोठी, काळी-पिवळी मादी होती. सोनेरी जाळ्याची. ती हिरॉइनच्या हातावरून चालायची होती. हिरॉइनने बरणी बघितली आणि व्हॅनमध्ये जाऊन बसली. ती काही बाहेर आली नाही. शेवटी दिग्दर्शक तुला म्हणाला, "मॅडम, तुमचा हात द्याल का? फक्त हात."

मेकअपवाल्याने तुझ्या हातात हिरॉइनच्या बांगड्या चढवल्या, अंगठी घातली, नखांना लालभडक नेलपॉलिश लावलं. खडूने कोरडी पडलेली तुझी बोटं. तू हात लाइटखाली धरलास आणि बरणी तिरकी केलीस. जाळ्यातून बाहेर आली की ती चाचपडत चालते, असं तू सांगितलं होतंस. तशीच चालली. एकेक पाय उचलून, चाचपून, मनगटावरून तळहातावर, बोटांवर. सेटवर कोणी श्वास घेत नव्हतं. तुझा हात तसूभर हलला नाही.

टीव्हीवर तो शॉट आला तेव्हा दादा म्हणाला, "थांबव."

मी थांबवला. जुनी कॅसेट, पडद्यावर आडव्या रेघा थरथरत होत्या. मधोमध तुझा हात. अंगठ्याजवळ कुकरच्या वाफेने भाजलेला तो डाग. सिनेमात हा हात त्या हिरॉइनचा म्हणून दाखवलाय, आणि तिचा पुढच्या शॉटमधला हात वेगळाच आहे. सिनेमा बघणाऱ्या कोणाच्याही ते लक्षात आलं नसणार.

"ते नेलपॉलिश आठवडाभर होतं तिच्या नखांना," दादा म्हणाला. "कॉलेजात पोरी हसतात म्हणून घासून काढत होती. मला आवडलं होतं. म्हणायचं राहिलं."

आम्ही ते चित्र तसंच ठेवून बसलो. मग व्हीसीआरने आपोआप कॅसेट पुढे सोडली आणि तू गेलीस.

पुढचा भाग दादाला माहीत होता, तरी त्याने तो पाहिला. हिरो कोळी बुटाखाली चिरडतो, तो. दिग्दर्शकाला तो शॉट त्याच खऱ्या मादीवर घ्यायचा होता. तू नाही म्हणालीस.

"मॅडम, एक कोळीच तर आहे."

"तुमचा हिरोसुद्धा एक नटच आहे. त्याला चिरडता का?"

युनिटमधले काहीजण हसले आणि तेच दिग्दर्शकाला लागलं. आवाज चढले. तू बरणीचं झाकण लावलंस, बांगड्या काढून मेकअपवाल्याच्या हातात दिल्यास, आणि उन्हातून हायवेकडे चालायला लागलीस. मी मागे राहिलो. शूटिंग अडलं. रबराचा कोळी मागवला, तो दुसऱ्या दिवशी आला.

संध्याकाळी घरी आल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. "एका कोळ्यासाठी तू माझा सिनेमा घालवलास," म्हटलं. तू कणीक मळत होतीस. मळतच राहिलीस. म्हणालीस, "सकाळी होती तिथेच सोडून आले तिला. त्याच झुडपात." मी म्हटलं, मी काय बोलतोय आणि तू काय सांगतेस. तेव्हा तू हात थांबवलेस.

"बुटाखाली मरत असेल तर तिला घाबरायचं कशाला, सुधीर? तुझी गोष्ट तिथेच संपली की. चपलेने मरणाऱ्या गोष्टीची कोणी भीती धरतं का?"

"हे तू दिग्दर्शकाला का नाही सांगितलंस?"

"त्याला का सांगू? गोष्ट तुझी आहे."

दादाने मला बाहेर नेलं. खाडीकडच्या रस्त्याने आम्ही बराच वेळ चाललो.  घरी आलो तेव्हा तू तिघांची ताटं वाढून ठेवली होतीस.

पनवेलच्या थेटरात सिनेमा लागला तेव्हा आपण तिघं गेलो. रबराचा कोळी बुटाखाली फुसकन दबला आणि परत फुगला. पुढच्या रांगांमधून शिट्ट्या आल्या, हशा झाला. अख्खं थेटर हसत होतं. मी खुर्चीत खाली सरकलो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून तुझ्याकडे पाहिलं. तुला हसायचा पूर्ण हक्क होता. तू सरळ पडद्याकडे बघत होतीस, चेहरा दगडासारखा करून, जणू काही फार भयंकर चाललंय. परतताना रिक्षात म्हणालीस, "ते अर्धवट जिन्याचं दृश्य चांगलं झालंय, भावजी." आणि त्या बुटाचं नाव पुन्हा कधी काढलं नाहीस. ह्याबद्दल मला तुझे आभार मानायचे होते. असल्या गोष्टींचे आभार कसे मानतात, हे कळलं नाही म्हणून राहून गेलं. आता मानतो. कुठे पोचतात ते माहीत नाही.

आणि ते दुसरं भांडण, भीतीचं. त्यात तुझं बरोबर होतं. तू काही पाप केलं नव्हतंस. तुझ्या मागे कोणी लागलं नव्हतं, दार ठोठावून कोणी तुझं नाव घेतलं नव्हतं. त्या डासाला तू कोण, तुझं अकरावीचं प्रॅक्टिकल कधी आहे, तू कोणाकोणाला जगू दिलंस, ह्यातलं काही माहीत नव्हतं. तुला हे कळलं असतं तर तू म्हणाली असतीस, बघा भावजी, मी सांगत होते. पण तू जिंकलेली मला नको आहेस, वहिनी. तू चुकली असतीस आणि मी तुला वर्षभर चिडवलं असतं, ते मला हवं होतं. मला कोणावर तरी रागवायचं आहे आणि रागवायला समोर कोणी नाही. रात्री डास गुणगुणतात. मी टाळी वाजवत नाही. दयेने नाही, हात उचलत नाहीत म्हणून.

सिनेमा संपला. नावं वर सरकली. त्यात तुझं नव्हतं. दादा उठला नाही. पडदा निळा झाला तरी आम्ही दोघं तिकडेच बघत बसलो होतो. मग तो म्हणाला, "ती तुझ्या गोष्टींना घाबरायची, माहितीये तुला?"

"कोण?"

"कोण म्हणजे? हीच."

मला वाटलं, त्याला बरं नाहीये. "दादा, वहिनी पाय मोजायची," मी म्हटलं.

"ते तुझ्या तोंडावर. आधी वाचायची ना. दिवाळी अंक आलास घेऊन की लपवून ठेवायची, आणि रविवारी दुपारी काढायची. भरदुपारी, सगळे पडदे सरकवून. आणि मला शेजारी बसवायची. मी म्हणायचो, अगं, मी पेपर वाचतोय तिकडे. तर म्हणे, पेपर इथे बसून वाचा. बोलू नका, नुसते बसा." दादाने गुडघ्यावर हात ठेवला. "इथे पाय टाकून वाचायची. मध्येच एकदम पाय आखडून घ्यायची. मला कळायचं, आलं वाटतं काहीतरी."

"मला कधी बोलली नाही."

"कशी बोलेल? म्हणायची, भावजींना कळलं तर डोक्यावर बसतील."

मी निळ्या पडद्यावरून नजर काढून दादाकडे पाहिलं.  खिडकीबाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होत नव्हती, किक मारल्याचे आवाज येत होते.

"कुठली गोष्ट?" मी विचारलं. "सगळ्यांत जास्त कुठली?"

"ते काय मला माहीत नाही. मी कुठे वाचल्यात?" दादा म्हणाला. त्याने कधीच वाचल्या नाहीत, हे खरंच आहे. तो फक्त बसायचा.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "ह्या वर्षी लिहिलंस का काही?"

"नाही."

"लिही. मी वाचतो ह्या वेळी."

"तुला भीती वाटेल, दादा."

"वाटू दे," दादा म्हणाला. "तू बस शेजारी."